जहाजाच्या टाक्यांचा कार्ड रॅक : वाळूजच्या टेबलावर बांधताना

आमच्या शेडपासून समुद्र रस्त्यानं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मराठवाड्याच्या आठपैकी एकाही जिल्ह्याला किनारा नाही. तरीही वाळूज एमआयडीसीत आम्ही जहाजावरच्या टाक्यांची पातळी दाखवणाऱ्या यंत्रणेचे कार्ड रॅक, म्हणजे सर्किटची कार्डं ओळीनं सरकवून बसवायचे सांगाडे, बांधतो आणि बिघडून आलेले दुरुस्त करतो. आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून येणारी पोरं सुरुवातीला एकच चूक करतात. त्यांचं सगळं लक्ष कार्डावर असतं आणि रॅक म्हणजे त्यांना पत्र्याचा खोका वाटतो.

मलाही तसंच वाटायचं. एकदा एका जहाजावरून रॅक परत आला. तक्रार अशी, की बॅलास्टची, म्हणजे जहाजाचा तोल राखायच्या पाण्याची, एक टाकी मध्येच शून्य दाखवते आणि दहा मिनिटांनी आपोआप सुधारते. जहाजावर त्या चॅनेलचं, म्हणजे त्या टाकीच्या सिग्नलच्या वाटेचं, कार्ड दोनदा बदललेलं. दोन्ही कार्डं 'खराब' अशी चिठ्ठी लावून सोबत आली होती आणि टेबलावर दोन्ही ठणठणीत चालली. दीड दिवस डोकं खाजवल्यावर सातव्या स्लॉटच्या, म्हणजे कार्ड बसवायच्या सातव्या जागेच्या, कनेक्टरमध्ये टॉर्च मारून भिंगातून बघितलं. मधल्या ओळीतल्या एका स्प्रिंगची दोन पाती फाकलेली होती. कुणीतरी मल्टीमीटरची जाड सुई आत खुपसून व्होल्टेज बघितलं होतं. इंजिनाची थरथर वाढली की तिथला संपर्क सुटायचा. तो 'कुणीतरी' शोधायला लांब जावं लागलं नाही. माल जाण्याआधीची शेवटची तपासणी मीच केली होती.

तेव्हापासून 'कार्ड गेलं' हे वाक्य मी लगेच मानत नाही. आधी स्लॉट बघतो.

आधी कागदावर

एकोणीस इंची रॅकची मापं ठरलेली आहेत आणि ती आयईसी ६०२९७ या मानकात आहेत. पुढच्या पट्टीची रुंदी ४८२.६ मिमी. उंची 'यू'मध्ये मोजतात, १ यू म्हणजे ४४.४५ मिमी. आडवी जागा 'एचपी'मध्ये, १ एचपी म्हणजे ५.०८ मिमी, आणि पूर्ण रुंदीच्या रॅकमध्ये ८४ एचपी मिळतात. ३ यू रॅकमध्ये १०० बाय १६० मिमीचं युरोकार्ड बसतं.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी एचपीचा हिशेब मांडा. समजा ४८ टाक्या आहेत आणि एका इनपुट कार्डावर आठ चॅनेल. म्हणजे सहा कार्डं, प्रत्येकी ४ एचपी, झाले २४. दोन पॉवर सप्लाय, प्रत्येकी १२, म्हणजे आणखी २४. कम्युनिकेशन कार्डाला ८ आणि अलार्म रिलेच्या दोन कार्डांना मिळून ८. एकूण ६४. उरलेले २० एचपी एका कोपऱ्यात सोडू नका. पॉवर सप्लाय आणि पहिल्या इनपुट कार्डाच्या मध्ये थोडी जागा ठेवा, बाकीची पुढे वाढणाऱ्या चॅनेलसाठी. रिकाम्या जागेवर कोरी पट्टी लावायचीच, नाहीतर हवा तिथूनच पळते आणि गरम कार्डांपर्यंत पोचत नाही. वरखाली दोन रॅक असतील तर मध्ये किमान १ यू मोकळा ठेवतो.

विजेचा हिशेबही इथंच करायचा. सेन्सर टाकीची पातळी करंटनं कळवतो: रिकामी म्हणजे ४ मिलिअँप, भरलेली म्हणजे २०. अशा ४८ लूप एकाच वेळी पूर्ण भरल्या तर ०.९६ अँपिअर लागतात, २४ व्होल्टला सुमारे २३ वॉट. कार्डांचा स्वतःचा खप वेगळा. आणि दोन सप्लाय लावले असतील तर एकट्यानं सगळा भार उचलता आला पाहिजे. दोघांनी अर्धा-अर्धा उचलला तरच चालतं, असं असेल तर दुसरा लावून उपयोग काय?

सांगाडा आणि अर्थिंग

बाजूच्या दोन पट्ट्या, चार आडव्या रेल, त्यांत सरकवायच्या नटपट्ट्या आणि प्लास्टिकचे गाईड. सांगाडा एवढाच. स्क्रू आधी ढिले लावा, सपाट काचेवर ठेवा, दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की मग आवळा. काच नसेल तर ग्रॅनाइटची फरशी चालते. तिरका सांगाडा डोळ्याला दिसत नाही, पण कार्ड सरकवताना शेवटच्या सेंटिमीटरला हाताला कळतो. गाईड लागलेली आग आपोआप विझणाऱ्या प्लास्टिकचेच घ्या, यूएल ९४ व्ही-० लिहिलेले.

इथं सगळ्यात जास्त चुकतं ते अर्थिंग. ॲल्युमिनिअमच्या रेलला ॲनोडायझिंग केलेलं असतं आणि तो थर वीज वाहू देत नाही. रॅक धातूचा आहे, म्हणजे सगळा जोडलेला आहे, असं धरून चालाल तर फसाल. मी नवीन पोराला मल्टीमीटर देतो आणि एका रेलवरून दुसऱ्या रेलवर मोजायला लावतो. आकडा अनंत आला की पोराचं तोंड बघण्यासारखं होतं. जिथं बाँडिंग, म्हणजे धातूला धातूची विजेची जोडणी, करायचं तिथं थर खरवडायचा नाहीतर दातेरी वॉशर लावायचं, म्हणजे आवळताना दात आत रुततात. बाजूच्या पट्ट्या, रेल, पुढच्या पट्ट्या आणि मागचा अर्थ-बोल्ट, सगळं एकमेकांशी ०.१ ओहमच्या आत यायला हवं. कॅबिनेटपर्यंत चपटी विणलेली पट्टी टाका. जास्त फ्रिक्वेन्सीच्या गोंगाटाला गोल वायरपेक्षा ती सोपी वाट देते. खरवडलेली जागा उघडी ठेवू नका, जोडणी झाली की वरून वार्निश मारा.

स्क्रू स्टेनलेसचे, तेही ३१६ प्रतीचे. स्टेनलेस आणि ॲल्युमिनिअम मिठाच्या ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनिअम खाल्लं जातं, म्हणून जिथं बाँडिंग नको तिथं नायलॉनचं वॉशर. आमच्या हवेत वर्षभर ठेवूनही हा गंज दिसणार नाही. इथं नवाकोरा दिसणारा रॅक समुद्रावर काय होईल हे सांगत नाही, ते आधीच धरून चालावं लागतं.

बॅकप्लेन

बॅकप्लेन म्हणजे रॅकच्या मागची सर्किटची पाटी, तिच्यावर सगळ्या स्लॉटचे कनेक्टर असतात. कार्डाच्या मागे बसणारा हा कनेक्टर बहुतेक डीआयएन ४१६१२ जातीचा असतो. तीन ओळी, प्रत्येकी ३२ पिना, एकूण ९६, दोन पिनांत २.५४ मिमी अंतर. यात कामगिरीचे वर्ग आहेत: पहिला वर्ग ५०० वेळा घालण्या-काढण्याला, दुसरा ४००, तिसरा फक्त ५०. तिसरा स्वस्त पडतो. पण टेबलावर चाचणी करतानाच दहा-पंधरा वेळा कार्ड आत-बाहेर होतं, म्हणजे पन्नासातलं तिथंच केवढं खर्ची पडलं ते बघा. आम्ही दुसऱ्या वर्गाच्या खाली जात नाही.

सोन्याचा मुलामा सोन्याच्याच मुलाम्यासमोर बसवायचा. एका बाजूला सोनं आणि दुसऱ्या बाजूला कथील असेल, तर थरथरीनं होणाऱ्या सूक्ष्म घासण्यातून काळी भुकटी तयार होते आणि संपर्काचा रोध वाढत जातो. हा दोष दोन-चार महिन्यांत येत नाही, म्हणून वॉरंटीत कुणाला दिसत नाही.

बसवायची रीत अशी. बॅकप्लेन रेलवर ठेवून स्क्रू अर्धे आवळा. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या स्लॉटमध्ये एकेक कार्ड पूर्ण आत सरकवा. आता कार्डांनीच बॅकप्लेनला जागा दाखवली. मग मधून दोन्ही टोकांकडे जात स्क्रू आवळा. आधी बॅकप्लेन घट्ट आवळून मग कार्ड रेटणाऱ्याच्या हातून पिना वाकतात. पूर्ण ९६ पिनांच्या कनेक्टरला घालताना ९० न्यूटनपर्यंत जोर लागू शकतो, म्हणजे नऊ किलोचं वजन. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर काहीतरी तिरकं आहे. हाताचा तळवा मारू नका, कार्ड काढून बघा.

चुकीचं कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये जाऊ नये म्हणून कोडिंगच्या खुंट्या येतात. त्या लावायचा लई जणांना कंटाळा येतो. पण जहाजावर रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेतला माणूस रिलेचं कार्ड इनपुटच्या जागी घालणार नाही याची दुसरी हमी नाही.

मोजमाप करायचं तर एक्स्टेंडर कार्ड, म्हणजे स्लॉटची जोडणी रॅकबाहेर आणणारं जोडकार्ड, वापरा, कनेक्टरच्या तोंडात सुई नको. आमच्या टेबलावर लाल अक्षरात तशी पाटी आहे, आणि ती कुणामुळं लागली ते वर सांगितलंच आहे. संपर्क साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. पेन्सिलचं रबर नको, पॉलिशपेपर तर अजिबात नको. मुलामा एका मायक्रॉनच्या आतबाहेरचा असतो, एका घासणीत निघून जातो.

वायरिंग

मल्टिस्ट्रँड वायर, टोकाला फेरूल (दाबून बसवायची धातूची टोपी), दोन्ही बाजूंना नंबर. हे कुठल्याही पॅनलला लागू आहे, त्यात जास्त शब्द घालवत नाही. जहाजासाठी वेगळं ते एवढंच: वायरला झुलायला जागा ठेवायची नाही. टर्मिनलपासून हाताच्या एका वितीच्या आत पहिली बांधणी पाहिजे, नाहीतर थरथर थेट फेरूलच्या मानेवर येते आणि वायर तिथंच तुटते.

जहाजावरचा २४ व्होल्टचा पुरवठा बऱ्याचदा अर्थपासून अलग ठेवलेला असतो. जमिनीवरच्या सवयीनं ऋण टोक चेसीला जोडाल तर जहाजाचा अर्थ-फॉल्टचा दिवा लागेल आणि तो दोष शोधत माणसं चार दिवस फिरतील. केबलची शील्ड (आतल्या वायरींभोवतीचं धातूचं आवरण) सहसा एकाच टोकाला अर्थ करायची, कुठल्या ते ड्रॉइंगमध्ये बघायचं.

तेलाच्या टाकीतल्या सेन्सरची लूप झेनर बॅरिअरमधून नाहीतर आयसोलेटरमधून येते, म्हणजे टाकीकडे ठिणगी पडेल एवढी वीज जात नाही. त्या वायरी निळ्या, त्यांची नळी वेगळी, आणि त्यांची टर्मिनल साध्या टर्मिनलपासून किमान ५० मिमी लांब. जागा कमी पडते म्हणून हे अंतर खाऊ नका. पलीकडच्या टोकाला ज्वालाग्राही वाफ आहे.

कोटिंग आणि आमची हवा

इथला उन्हाळा कार्डांचा वैरी आहे. मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते की खुर्चीवरून उठलं तरी बोटाला चटका बसतो. तुम्हाला चटका कळला म्हणजे कार्डातल्या चिपला त्याच्या कितीतरी आधी कळलेलं असतं. एक मेगओहमचा मनगटी पट्टा, जमिनीला जोडलेली चटई, आणि कार्ड पिशवीतून काढायच्या आधी दोन्ही तपासलेले. हवेत ओलावा यावा म्हणून काहीजण टेबलाकडे कूलरचा झोत वळवतात. आमचं बोअरचं पाणी जड आहे. त्या फवाऱ्यातले क्षार कार्डावर बसतात आणि पांढुरकी पूड धरते. कूलर माणसांकडे वळवा.

कोटिंगला, म्हणजे कार्डावरच्या संरक्षक लेपाला, आम्ही ॲक्रिलिक वापरतो, कारण दुरुस्तीच्या वेळी ते विरघळवून काढता येतं. सोल्डरिंगचा फ्लक्स पूर्ण धुतलेला हवा. खाली राहिलेला फ्लक्स दमट हवेत पांढरा पडतो आणि ट्रॅकमध्ये गळती सुरू होते. जुलै-ऑगस्टात कार्डं आधी ६० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवतो, नाहीतर ओल आतच बंद होते. कनेक्टर, डिप स्विच (सेटिंगचे बारीक स्विच), पोटेन्शिओमीटर, टेस्ट पॉइंट यांवर टेप. दोन पातळ हात, जाडी ०.०३ ते ०.१३ मिमी. मग दिवे घालवून अतिनील टॉर्च मारायचा. कोटिंग निळसर चमकतं, आणि जिथं काळा डाग दिसेल तिथं ते बसलेलं नाही. बहुतेक वेळा तो डाग आयसीच्या पायांपाशी सापडतो.

वीज देणं

पहिल्यांदा एकही कार्ड न घालता वीज द्या. प्रत्येक स्लॉटवर व्होल्टेज आणि ध्रुवता मोजा, एक्स्टेंडरवरून. मग एकेक कार्ड, प्रत्येक वेळी वीज बंद करून. चालू रॅकमधून कार्ड ओढायला परवानगी आहे, असं निर्मात्यानं लिहिलं असेल तरच ओढा.

आता खरी चाचणी. जहाजाचा बॅटरीवरचा २४ व्होल्ट हा २४ नसतो. बॅटरी चार्ज होताना जोडलेल्या उपकरणांना उणे २५ ते अधिक ३० टक्के सोसावं लागतं, म्हणजे १८ ते ३१.२ व्होल्ट. टेबलावर सगळे २४ ला तपासतात आणि खूश होतात.

१८ ला काय होतं ते बघा. सेन्सरला चालायला १० व्होल्ट लागतात असं धरू. कार्डावरचा मोजणीचा रोध २५० ओहम, बॅरिअरचा ३००, एकूण ५५०. सेन्सरचे १० वजा केले की उरले ८ व्होल्ट. ८ भागिले ५५०, म्हणजे साधारण १४.५ मिलिअँप. याच्या वर करंट जाऊच शकत नाही. पडद्यावर टाकी ६६ टक्क्यांच्या आसपास अडकते. प्रत्यक्षात ती भरत राहते आणि ९५ टक्क्यांचा अलार्म कधी वाजतच नाही. अर्ध्या टाकीपर्यंत सगळं बरोबर, म्हणून चाचणीत कुणाला संशय येत नाही. उपाय एकच: लूपना थेट जहाजाच्या २४ वर न टांगता रॅकमधल्या नियंत्रित सप्लायवरून द्यायचं, आणि चाचणी १८ व्होल्ट इनपुटवर, २० मिलिअँप देऊन करायची.

लूप कॅलिब्रेटरनं, म्हणजे सेन्सरऐवजी करंट देणाऱ्या यंत्रानं, ४, ८, १२, १६, २० मिलिअँप द्या. पडद्यावर ०, २५, ५०, ७५, १०० आलं पाहिजे. मग वायर तोडा. ३.६ च्या खाली आणि २१ च्या वर कार्डानं 'सेन्सर बिघडला' म्हणायला हवं, 'टाकी रिकामी' नव्हे. अलार्मचा रिले नेहमी ऊर्जित ठेवायचा आणि अलार्मला सोडायचा, म्हणजे वीज गेली तरी घंटा वाजते.

पाण्याचा पाइप

कॅलिब्रेटर खोटं पाणी दाखवतो. आमच्या जिन्यात दोन इंची पीव्हीसी पाइप तीन मीटर उभा बांधलेला आहे, खाली प्रेशर सेन्सर. पाणी जेमतेम सहा लिटर लागतं, चाचणी झाली की तेच बादलीत काढून परत वापरतो. मी मूळचा लातूरचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते दिवस घरात सगळ्यांच्या लक्षात आहेत. जहाज नुसता तोल राखायला हजारो टन पाणी पोटात भरतं आणि पुढच्या बंदरात ओतून देतं, हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आन् मग ते आपल्याला का देत न्हाईत?" खारं असतं, म्हटलं. तिचं समाधान झालं नाही.

खारेपणाचाच मुद्दा इथं येतो. सेन्सर दाब मोजतो, उंची नाही. तीन मीटर गोड्या पाण्याचा दाब २९.४ किलोपास्कल, तर समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे १०२५ किलो, म्हणून तेवढ्याच उंचीला ३०.२. रॅकमध्ये घनता १००० टाकून पाठवला तर १२ मीटर भरलेली बॅलास्ट टाकी १२.३ मीटर दाखवेल. एक फूट चूक, आणि ती जहाजाच्या भाराच्या हिशेबात जाते. तेलाच्या टाकीत उलट होतं. डिझेल पाण्याहून हलकं, त्यामुळं पातळी खरीपेक्षा कमी दिसते. म्हणून प्रत्येक चॅनेलला कोणता द्रव आणि किती घनता, हा तक्ता मालकाकडून लेखी घ्या. फोनवर सांगितलेलं धरू नका.

मेगर, थरथर आणि मंजुरी

मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, लावायच्या आधी सगळी कार्डं बाहेर काढा. २४ व्होल्टच्या सर्किटला ५०० व्होल्टचा मेगर लावणारे मी बघितलेत, आणि नंतरची बिलंही. जहाजांच्या उपकरणांसाठी वर्गीकरण संस्थांचा (जहाजं तपासून मंजुरी देणाऱ्या संस्थांचा) एकत्रित नियम आहे, यूआर ई१०. त्यात ६५ व्होल्टपर्यंतच्या सर्किटला मूळ व्होल्टेजच्या दुप्पट चाचणी सांगितली आहे, आणि किमान १० मेगओहम यायला हवं. ५० व्होल्टची रेंज असलेला मेगर घेतला की काम भागतं.

त्याच नियमात थरथरीची चाचणी आहे: १३.२ हर्ट्झपर्यंत एक मिमीचं हलणं, पुढे १०० हर्ट्झपर्यंत ०.७ जी (गुरुत्वाच्या ०.७ पट) प्रवेग. आमच्याकडे तसलं यंत्र नाही, ती प्रयोगशाळेत होते. शेडमध्ये मी एवढंच करतो: रॅक चालू ठेवून, सगळ्या चॅनेलना १२ मिलिअँप देऊन, स्क्रूड्रायव्हरच्या रबरी मुठीनं प्रत्येक स्लॉटच्या पट्टीवर टकटक. एखादा आकडा हलला की तो स्लॉट उघडायचा. सातव्या स्लॉटचा दोष या टकटकीनं पाच मिनिटांत सापडला असता. मंजुरी मिळालेल्या रॅकमध्ये कनेक्टरचा वर्ग किंवा सप्लायचा मॉडेल परस्पर बदलू नका, बदल आधी निर्मात्याला कळवा.

पाठवताना

कार्डं रॅकमध्ये ठेवून टेम्पोत टाकायची नाहीत. प्रत्येक कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलची पुडी, वर स्लॉटचा नंबर. कार्ड बदललं तर कॅलिब्रेशनही बदलतं, म्हणून सुट्या कार्डासोबत त्याच्या सेटिंगचा कागद हवाच. डिप स्विच टाचणीनं लावून झाले की जवळून मोबाईलनं फोटो घ्या, मोठा छापा, लॅमिनेट करा आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. वर-खाली कोणती बाजू 'ऑन' ते मार्करनं लिहा. मुंबईच्या गोदीत एकदा एका जहाजावर गेलो, तेव्हा आमच्याच रॅकच्या दारावर तो कागद होता, कडेनं पिवळा पडलेला, आणि त्यावर कुणीतरी बॉलपेननं नववा स्विच दुरुस्त करून ठेवला होता. छापताना आम्हीच चुकलो होतो.